भाकरतुकडा

प्राण्यांच्या आश्रमातून आणलेल्या आठ वर्षांच्या कुत्र्यावरून सासूबाईंनी भाकरतुकडा तीनदा ओवाळला, पाण्याचं बोट त्याच्या डोळ्यांना लावलं आणि तुकडा जिन्याखाली भिरकावला. नवीन माणूस उंबरा ओलांडतं तेव्हा त्याची इडापिडा अशी बाहेर टाकायची असते. कुत्र्यालाही हे लागू आहे, असं त्यांनी परस्परच ठरवलं होतं.

तो मात्र माझ्या हाताला हिसका देऊन जिना उतरला, तुकडा तोंडात घेऊन वर आला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. त्याला दातसुद्धा लावला नव्हता.

"हे काय गं?" त्या गोंधळून म्हणाल्या. पुन्हा ओवाळून त्यांनी तो आणखी लांब टाकला. त्याने पुन्हा आणला आणि शेपटी न हलवता त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. मलाही काही कळेना. शेवटी मी आश्रमात फोन लावला.

"अहो, सहा वर्षं कुणी बघायला आलं की आम्ही चेंडू टाकायचो, तो आणून द्यायचा," तिथल्या बाई म्हणाल्या. "लोक त्याचं कौतुक करायचे आणि पिल्लू घेऊन जायचे. त्याला वाटत असेल, तुम्ही अजून बघताय."

मी हे सांगितलं, पण सासूबाईंचं लक्ष तुकड्यावरच होतं. "असेल बाई. पण एकदा टाकलेलं परत घरात घेत नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर कुत्र्याकडे गेली. तो अजून उंबऱ्याबाहेरच बसला होता.

त्यांनी वाकून तो ओला तुकडा उचलला, पदराला पुसला आणि आत जाऊन त्याच्या नव्या ताटलीत ठेवला.