उन्हावर जगलेलं सैन्य

कालिंदीने दिलेल्या पेजेचे बबनने औषधासारखे दोन घोट घेतले. त्याच्या हातांचा हिरवा रंग आता पुसट झाला होता.

समुद्रावरच्या या वसाहतीवर राज्य करणाऱ्या कंपनीने धान्याची जहाजं अडवली, तेव्हा वसाहतीकडे सैन्याला जेवू घालायला काहीच नव्हतं. रसदप्रमुख कालिंदीने सैनिकांच्या कातडीत हरितद्रव्य टोचायला लावलं. पहिली सुई तिच्या धाकट्या भावाला, बबनला बसली. उन्हावर जगून सैनिक लढले आणि वसाहत स्वतंत्र झाली. आता उतारा देऊन महिना झाला होता, पण एकालाही भूक लागत नव्हती.

“पोटात काहीच वाटत नाही का रे?”

“नाही, ताई.”

तेवढ्यात शेजारच्या घरात तव्यावर बांगडे चरचरले. बबनने मान वळवली.

“ताई, त्यांच्याकडे एखादा जास्तीचा असेल?”

“कशाला?” तिने हळूच विचारलं.

“कशाला म्हणजे? खायला!” तो चिडला. “पोटात कावळे ओरडतायत.”

कालिंदी अनवाणीच शेजारी धावली.

“दोन दे गं. बबनला भूक लागलीय,” एवढंच ती शेजारणीला म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.