पानं ठेवायची जागा

"पट्टा मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यानं शिवलाय, काका?" दुकानदार विल्दरनं जुनं घड्याळ दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं. "शिवून शिवून गोधडी केलीत की याची."

"चालतंय अजून," फोर्तुनातो म्हणाला.

"चालायला काय, गाढवही चालतं."

"गाढवाला नव्या घड्याळासारखं रोज चार्ज करावं लागत नाही."

"बाबा, पुरे," योवाना म्हणाली. "शुक्रवार परवावर आलाय."

ज्या कंपनीसाठी फोर्तुनातो पाहुण्यांना बर्फावर नेत असे, तिनं सगळ्या वाटाड्यांना निरोप धाडला होता : या मोसमात उपग्रहावरून मदत मागता येईल असं घड्याळ मनगटावर हवं. शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर तुमचे पाहुणे दुसऱ्याला. दुसरा म्हणजे फोर्तुनातोचाच पुतण्या. त्यानं पहिल्याच दिवशी नवं घड्याळ घेतलं होतं. फोर्तुनातो मात्र तीन दिवस 'उद्या बघू' म्हणत होता. शेवटी आज योवानानं शाळेतून रजा काढली आणि बापाला हाताला धरून डोंगरापायथ्याच्या हुआरास गावातल्या या दुकानात आणलं.

विल्दरनं काचेवर नवं घड्याळ ठेवलं. "जागा एकदा नोंदवा. दहा वर्षांनी धुक्यात जा, हिमवादळात जा, नेमकं तिथंच नेऊन उभं करतं."

"हेही करतं," फोर्तुनातोनं जुन्याकडे बोट दाखवलं.

"जुनं मला दिलंत तर किंमत कमी करीन. फक्त आतलं सगळं पुसावं लागेल. इतक्या जुन्यातलं नव्यात जात नाही."

फोर्तुनातोनं जुन्या घड्याळावर तळहात ठेवला. "जागा पण?"

"जागा पण."

त्या जागा कोणत्या, ते योवानाला ठाऊक होतं. दर वर्षी मोसमाच्या तोंडाशी तिचा बाप एकटाच डोंगरावर जाई. डोंगराला तो आजोबा म्हणे. बर्फ जिथं सुरू होतं तिथं गुडघे टेकून कोका या पवित्र मानलेल्या झुडपाची तीन निवडक, न फाटलेली पानं बर्फात खोचायची, पाहुणे आणायची परवानगी मागायची आणि घड्याळाचं बटण दाबायचं. पानं दगडावर ठेवलेली चालत नाहीत. बर्फातच हवीत. सात वर्षांची असताना एकदा तीही गेली होती. तेव्हा डोंगरावरच्या तळ्याकाठी उभं राहून हाक मारली की ती बर्फावर आपटून परत येई.

"एवढंच ना?" तिनं पिशवीतून चौकटीची वही काढली. "तुम्ही वाचा, मी लिहून घेते. वहीतलं कोण पुसतंय?"

फोर्तुनातो घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन त्यात टिकलेल्या वर्षांचे आकडे एकेक करून वाचू लागला. चौथीच्या मुलांना बेरजा मांडायला शिकवते तसे तिनं ते एकाखाली एक मांडले.

"दोन हजार आठ. उंची चार हजार आठशे दहा मीटर."

"पुढं."

"अकरा साल. चार हजार आठशे अडतीस. चौदा साल. एक्क्याहत्तर. नाही, थांब, आठशे एक्क्याहत्तर. अठरा. चार हजार नऊशे पंचवीस."

"वा काका!" विल्दर हसला. "माणूस वयानं खाली येतो, तुम्ही दर वर्षी वरच चाललाय!"

योवाना वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवू लागली. विल्दरनं उगाच पिवळं फडकं उचललं आणि तो काच पुसू लागला.

बर्फ मागं हटतंय हे हुआरासात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. योवानानं ते वर्गात फळ्यावर लिहून शिकवलंही होतं. पण आपल्याच अक्षरात, एकाखाली एक, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिची पेन्सिल हळू चालू लागली.

"तेवीस. पाच हजार चार," फोर्तुनातो म्हणाला आणि थांबला.

योवानानं खाली '२०२४' लिहिलं. "यंदाचा? रविवारी गेला होतात ना?"

"गेलो होतो."

"मग सांगा."

"घड्याळानं मागच्या वर्षीच्या जागेवर बरोबर नेलं. वाजलंसुद्धा. पोचलात म्हणालं." त्यानं घड्याळ खाली ठेवलं. "पायाखाली नुसती खडी. वर गेलो. आणखी वर गेलो. खिंडीपर्यंत गेलो, पोरी. पलीकडची दरी दिसायला लागली."

पेन्सिलीचं टोक '२०२४'च्या पुढं टेकलेलं राहिलं.

"कंपनीला सांगितलंत?"

"त्यांचे पाहुणे सोमवारी येतायत, बर्फावर चालायला. घड्याळ घेतलं तर त्यांना कुठं नेऊ? नाही घेतलं, तर तुझ्या आईला काय सांगू?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू मास्तरीण आहेस. तूच सांग, घेऊ की नको?"

वर्गातल्या बत्तीस मुलांना तिनं कधी उत्तराशिवाय घरी पाठवलं नव्हतं. तिनं '२०२४'पुढची जागा कोरीच ठेवून पेन्सिल खाली ठेवली.

फोर्तुनातोनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. एकावर एक ठेवलेली तीन पानं त्यानं काचेवर दोन घड्याळांच्या मधोमध ठेवली. कडा वाळून वळल्या होत्या, पण एकही फाटलं नव्हतं.

"ठेवायला जागाच मिळाली नाही," तो म्हणाला. "परत आणली."

विल्दरचं फडकं काचेवरून सरकत पानांपाशी आलं आणि थांबलं. मग त्यानं पानांभोवतीची काच हळूहळू, कडेकडेनं पुसून घेतली, आणि पानं होती तिथंच राहू दिली.