हिरवा ठिपका

धोंडूअण्णांच्या मुलाचं, सुजयचं जहाज युद्ध पेटलेल्या आखातात शिरलं तसं घरात सगळ्यांना एकच काम उरलं. कुठलं जहाज कुठे आहे ते दाखवणारी एक वेबसाइट असते, तिच्यावर त्याचा हिरवा ठिपका बघत बसायचं. आज सकाळी धोंडूअण्णांनी मोबाइल उघडला, तर ठिपका गायब. जन्म बोटीवर काढलेल्या माणसानेही चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. सून अक्षयाने हे पाहिलं तर ती अन्नाला शिवायची नाही. ते गुपचूप मागीलदारी गेले आणि इंटरनेटवाल्या रूपेशला फोन लावला.

"आमच्या राऊटरवर ती जहाजांची साइट बंद कर बघू. अक्षयाला कळता कामा नये."

"लगेच बघतो, अण्णा."

ते घरात आले, तर अक्षयाने चहा पुढे ठेवला. "अण्णा, आज ते जहाजाचं उघडतच नाहीये. नेटचा काहीतरी घोळ असेल."

"असेल गो," म्हणत अण्णांनी निर्धास्तपणे बशीत चहा ओतला.

तेवढ्यात रूपेशचा फोन आला. "अण्णा, मी करायच्या आधीच ती साइट बंद आहे. सकाळीच आमच्या ऑफिसात अक्षयावहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, अण्णांना दिसायला नको."