किरीचं झाड

मुलगी झाली की अंगणात किरीचं झाड लावायचं आणि लग्न ठरलं की त्याच लाकडाची तिच्या कपड्यांसाठी पेटी करायची, ही जपानातल्या आमच्या आइझू भागाची रीत. चिझुरूचं झाड छपराच्या वर गेलं, तरी तिचं लग्न काही झालं नाही. "झाड गेलं तर लोकांची तोंडं तरी बंद होतील," म्हणत मे महिन्यातल्या सलग सुट्ट्यांत, हरित दिनाला, वडिलांनी करवत काढली.

"बाबा, करवत ठेवा आणि कुदळ द्या."

चिझुरूने गाडीतून किरीचं उंच रोप उतरवलं आणि जुन्या झाडाशेजारी खड्डा खणायला घेतला.

"आता हे कोणासाठी? आणि लावायचं तर कोवळं रोप लावतात, हे चांगलं दोन वर्षांचं आहे!"

"सुट्ट्या संपल्या की अनाथाश्रमातून मुलगी घरी आणतेय, बाबा. तीही दोन वर्षांची आहे."