पैलवान

समर्थने तिसऱ्यांदा तिच्या खांद्यावरून मागे बघितलं, तेव्हा दिशाने मनातल्या मनात नकार पक्का करून टाकला.

मागच्या महिन्यात ही मंडळी तिला बघायला लांज्याला आली होती, तेव्हाही हा असाच घुम्यासारखा बसला होता. आज ती वडिलांबरोबर त्यांचं घर बघायला रत्नागिरीला आली होती. घर छान होतं, घावने मऊसूत होते, त्याची आई तर गोडच होती. पण ज्याच्याशी लग्न करायचं तो घाम पुसत नुसता तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. फिरायला आवडतं का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, “हो. नाही. म्हणजे कधीकधी.”

“आपण जरा गच्चीवर जाऊन येऊ,” त्याची आई दिशाच्या वडिलांना म्हणाली. “वरून समुद्र दिसतो. पोरांना बोलू दे.”

दार लोटलं गेलं. नकार कसा सांगावा म्हणून दिशा शब्द जुळवत होती. तेवढ्यात समर्थ ताडकन उठला आणि तिला ओलांडून मागे धावला.

“माझा खेकडा मेला हो,” तो म्हणाला.

दिशा वळली. भिंतीलगत काचेची मोठी टाकी होती. जांभळी-हिरवी प्रवाळं पाण्यात डुलत होती आणि खाली वाळूवर नखाएवढा एक खेकडा उताणा पडला होता.

“सकाळपासून असाच आहे. आई म्हणाली, पाहुणे जाईपर्यंत खेकड्याचं नाव काढायचं नाही. लांज्यालासुद्धा तिने बजावलं होतं. म्हणे, कुर्ल्यांचं सार खायचं सोडून त्यांचे लाड करणाऱ्याला मुलगी कोण देणार? मग मला बोलायला दुसरं काही सुचेचना.”

दिशाला हसू फुटत होतं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. “नाव काय त्याचं?”

“पैलवान.” तो ओशाळला. “दोन्ही डेंग्यांत एकेक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव, धरून उभा राहायचा. कोणी जवळ आलं की ती नाचवायचा, मुठी उगारल्यासारखी. ती बघा, सुटून पडलीत.”

खरंच, दगडाशेजारी पांढरे, इवलेसे दोन गोंडे पडले होते.

समर्थने जाळीने खेकडा अलगद बाहेर काढला. दिशाने आपणहून हात पुढे केला. तळहातावर काही ठेवलंय असं तिला जाणवलंच नाही. तिने तो उजेडाकडे धरला. पाठीकडून तो उघडा होता आणि आत काहीच नव्हतं.

“अहो, हा रिकामा आहे!”

समर्थने वाकून पाहिलं. “कवच टाकलंन!” तो ओरडला. “वाढताना जुनं कवच टाकतात, वाचलं होतं मी. डोकंच चाललं नाही! म्हणजे तो आतच असणार. दिशा, तू त्या बाजूने बघ!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. नव्या साडीची पर्वा न करता ती फरशीवर बसली आणि तिने काचेला गाल लावला.

“तो बघ! त्या फटीत!”

दगडाच्या फटीतून नवाकोरा, लकलकीत पैलवान बाहेर डोकावत होता. समर्थने आनंदाने टाळी दिली ती सरळ तिच्या हातावर.

जिन्यात पावलं वाजली. वडील आत आले, लेकीला फरशीवर बसलेली बघून गोंधळले आणि तिच्या कानाशी वाकले. “चल, निघू या. तुझं मन मला कळलंय. त्यांना नकार मी उद्या फोनवर कळवतो.”

दिशाने काचेवरची नजर हलवली नाही.

“बाबा, त्याने आत्ता कुठे एक फूल उचललंय. दुसरं उचलेपर्यंत मी इथून हलायची नाही.”