बकुळीचा गजरा

"बघ, एक बुडबुडा नाही!" निवृत्तीनंतर दिसेल ती वस्तू पारदर्शक रेझीनमध्ये गोठवायचा नाद लागलेल्या दिगंबररावांनी काचेसारखी वडी कुमुदिनीबाईंच्या हातात ठेवली. आत बाईंच्या आईनं शेवटचा ओवलेला बकुळीचा गजरा होता, बावीस वर्षं लुगड्याच्या घडीत जपलेला.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"वाढदिवसाची भेट विचारून देतात? फुलांत जरा ओल राहिली की रेझीन फेसाळतं, म्हणून परवा ओव्हनमध्ये तासभर खडखडीत वाळवला. आता जन्मभर टिकेल."

परवा दुपारी घरभर बकुळ दरवळली होती. आई आल्यासारखं वाटून बाई सगळ्या खोल्यांतून हिंडल्या होत्या.

त्यांनी वडी नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता.

"अगं, हुंगतेस काय?" दिगंबरराव हसले. "बघायची वस्तू आहे ती!"