चौकीदाराचे आभार

“रविवारपासून आपला सर्व्हर बंद,” चौकीदारानं लिहिलं आणि शिवणकाम करणाऱ्या काकूंची कात्री कापडातच थांबली.

आता आली का पंचाईत! मोठ्या कंपनीच्या ॲपनं गेल्या वर्षी काकूंचं खातं एका रात्रीत उडवलं होतं. गिऱ्हाइकं, मैत्रिणी, शिवलेल्या कपड्यांचे फोटो, सगळं गेलं. दाद मागायची तर पलीकडे माणूसच नाही. मग एका गिऱ्हाइकानं त्यांना इंटरनेटवरची ही जागा दाखवली. इथे मालक असा कुणी नाही. ज्याला जमेल त्यानं आपल्या घरी छोटा सर्व्हर, म्हणजे सतत सुरू राहणारं एक यंत्र, चालवायचा आणि सगळ्यांनी एकमेकांशी जोडून घ्यायचं. काकूंचा सर्व्हर ‘चौकीदार’ नावानं वावरणारा कुणी भला माणूस सांभाळायचा. त्यानं न कंटाळता त्यांना सगळं शिकवलं, पांगलेल्या मैत्रिणी शोधून दिल्या. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं!

सुनेची गाऱ्हाणीसुद्धा काकू इथेच मांडायच्या. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. चौकीदारानं एकदाच विचारलं होतं, “चहा तरी बरा करते का?”

“तेवढा करते,” काकूंनी कबूल केलं होतं.

आता त्यांनी घाईघाईनं लिहिलं, “अरे, पण बंद का?”

“घरातलं मोठं माणूस रोज दुपारी यंत्र बंद करतं. सगळ्यांचा खोळंबा होतो.”

“मग सांग की तोंडावर!”

“ओशाळायला होईल त्यांना. मनानं वाईट नाहीत.”

काकूंचा पारा चढला. दुपारची झोप गेली खड्ड्यात! त्यांनी लिहायला घेतलं, “चौकीदारा, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तुझ्यामुळे माझी माणसं मला परत मिळाली. त्या शहाण्याचा नंबर दे, मी बघते त्याच्याकडे!”

पाठवण्याआधी त्या पाणी प्यायला उठल्या. सुनेच्या खोलीतली काळी पेटी नेहमीसारखी घरघरत होती आणि बाईसाहेब कामावर. वीज काय फुकट येते? रोजच्यासारखं त्यांनी बटण बंद केलं, पाणी प्यायल्या आणि येऊन संदेश पाठवला.

गेला नाही. पुन्हा दाबलं. ‘सर्व्हर सापडत नाही.’

काकूंनी ती अक्षरं वाचली आणि मान वळवून सुनेच्या खोलीकडे बघितलं. मग उठून त्या खोलीत गेल्या, बटण सुरू केलं आणि पेटी घरघरू लागेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. संदेशातलं शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं आणि उरलेलं सगळं जसंच्या तसं पाठवलं.

चौकीदाराचं उत्तर लगेच आलं.

“मीच आभारी आहे, आई.”